डिस्कची फट गेली की कन्सोलमध्ये आपलं काय उरतं?

दुसरा खेळाडू

कोणता कन्सोल सरस यावर भांडण लावायला हा धागा काढलेला नाही. सेगा की निन्टेन्डो, प्लेस्टेशन की एक्सबॉक्स हे वाद मी वर्षानुवर्षं आवडीनं वाचत आलोय, तावातावानं लिहिलंही आहे. पण सध्या डोक्यात वेगळाच विषय घोळतोय आणि तो कुठल्याही कंपनीच्या चाहत्याला लागू आहे.

डिस्क घालायची फट नसलेले कन्सोल आता सर्रास मिळतात. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तेव्हा बिनडिस्कचं मॉडेल हा एक पर्याय होता. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये प्लेस्टेशन ५ प्रो आला, म्हणजे त्या घराण्यातलं सगळ्यात महागडं यंत्र, तर त्याच्या खोक्यात ड्राइव्ह नसतोच. तो वेगळा घ्यायचा, जोडायचा, आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटवरून त्याची नोंद व्हावी लागते. निन्टेन्डोच्या स्विच २ साठी काही गेम अशा कार्डावर येतात की कार्डात गेम नसतो, फक्त डाउनलोडची किल्ली असते.

माझं मत असं, की कन्सोलची खरी ताकद ग्राफिक्समध्ये कधीच नव्हती. निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा गेम बॉय १९८९ चा. करड्या-हिरव्या पडद्यावर चार छटा, पडद्यामागे उजेड नाही. सेगाच्या गेम गियरला रंगीत आणि उजळ पडदा होता, तरी बाजी गेम बॉयनं मारली. एक कारण साधं: गेम गियर सहा बॅटऱ्या तीन ते पाच तासांत संपवायचा, गेम बॉय चार बॅटऱ्यांवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. आणि दुसरं कारण, माझ्या लेखी जास्त मोठं, म्हणजे त्याच्या बाजूला असलेलं केबलचं छोटं छिद्र. दोन गेम बॉय एकमेकांना जोडता यायचे. १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉन आला तो मुद्दाम दोन आवृत्त्यांत, लाल आणि हिरव्या. एकीत मिळणारे काही प्राणी दुसरीत नव्हते, त्यामुळे एकट्यानं कितीही खेळलं तरी संग्रह पुरा व्हायचा नाही. कुणाच्या तरी शेजारी बसून अदलाबदल करावीच लागायची.

ही देवघेव म्हणजेच गेमिंगची संस्कृती, असं मला मनापासून वाटतं. कॅसेट मित्राला द्यायची, त्याची आपण आणायची, तो कुठे अडलाय ते त्यानं सांगायचं, आपण पुढचा रस्ता दाखवायचा. कॅसेटसोबत त्याचा सेव्ह, म्हणजे त्यानं साठवलेला खेळही यायचा, आणि पहिल्या जागेवर त्याचं नाव दिसायचं. तो सेव्ह पुसायचा नाही हा अलिखित नियम सगळे पाळायचे. आज खात्याला जोडलेला गेम मी मित्राला देऊ शकत नाही, विकू शकत नाही, आणि माझ्यामागे तो कुणाला मिळेल याची शाश्वती नाही.

हे गेलं तर कन्सोल घ्यायचा कशासाठी? तुमचं काय मत?

---

सोल्डरगन

चांगला धागा. पण वस्तू हातात आहे म्हणजे गेम टिकला, ही समजूत थोडी तपासायला हवी. मी जुने कन्सोल दुरुस्त करतो म्हणून सांगतो.

ज्या सेव्हबद्दल तुम्ही लिहिलंत तो कॅसेटमध्ये एका बारीक बॅटरीवर जिवंत असतो. गेमचा कोड रॉम चिपवर असतो, त्याला वीज लागत नाही. सेव्ह मात्र साध्या रॅमवर असतो आणि त्या रॅमला सतत थेंबभर वीज द्यावी लागते. बहुतेक ठिकाणी सीआर२०३२ किंवा त्याहून छोटं सेल असतं, पट्ट्या लावून बोर्डावर डाग दिलेलं. ते संपलं की सेव्ह गेला. त्या काळच्या कितीतरी कॅसेटमधले सेल आता शेवटच्या घटका मोजताहेत.

डिस्कचंही तेच. आतला चकाकता थर काही डिस्कमध्ये गंजतो आणि उजेडासमोर धरली की टाचणीएवढी भोकं दिसतात. गेम गियरचं नाव घेतलंत, तर त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) गळण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक गेम गियरचे कपॅसिटर बदलावे लागतात, आवाजाच्या बोर्डाचे तर हमखास.

अलीकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. प्लेस्टेशन ४ मध्ये घड्याळासाठी एक बटण सेल असतो. तो संपला आणि कन्सोलला सोनीच्या सर्व्हरकडून वेळ मिळाली नाही, तर डिस्कवरचा गेमसुद्धा सुरू व्हायचा नाही. ट्रॉफी, म्हणजे गेममधल्या कामगिरीबद्दलचं पदक, कधी मिळाली याची वेळ कुणी खोटी करू नये म्हणून केलेली ती व्यवस्था होती. म्हणजे सेल संपलेला आणि सर्व्हर बंद झालेला असता, तर कपाटभर डिस्क असूनही उपयोग शून्य. लोकांनी आरडाओरडा केला आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ९.०० या अपडेटनं ते दुरुस्त झालं. तेव्हा डिस्कची फट असणं पुरेसं नाही. ती डिस्क कुणाची परवानगी न घेता चालली पाहिजे.

---

बोटांचे ठसे

मी उलट बाजूनं लिहितो. रागावू नका.

माझ्या दोन्ही हातांत ताकद कमी आहे. बोटांनी डिस्क धरणं, ती फटीत सरळ घालणं, दुसरी काढणं हे मला जमत नाही. गेम बदलायचा म्हणजे घरातल्या कुणाला तरी हाक मारावी लागायची. ते यायचे, कधी कुरकुर केली नाही. पण तीन गेम थोडे थोडे खेळून बघावेत अशी लहर आली तर मी ती दाबून टाकायचो, कारण सारखी हाक मारायची कशी? सगळे गेम डिजिटल घ्यायला लागल्यापासून मी सोफ्यावरून न उठता, कुणाला न सांगता, मनात येईल ते खेळतो. या सुटकेची किंमत ज्याला डिस्क सहज बदलता येते त्याला कळणं अवघड आहे.

मायक्रोसॉफ्टचा ॲडाप्टिव्ह कंट्रोलर २०१८ मध्ये आला. दोन मोठी गोल बटणं आणि मागच्या बाजूला ओळीनं सॉकेट, प्रत्येक बटणासाठी वेगळं. पायानं दाबायचा स्विच लावा, हनुवटीनं ढकलायची दांडी लावा. मी माझ्या कोपराला जमेल असा एक मोठा स्विच उडी मारण्याच्या बटणावर लावलाय. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर २०२३ च्या डिसेंबरमध्ये आला. माझ्यासारख्यासाठी कन्सोलच्या इतिहासातली ही मोठी पानं आहेत, आणि जुन्या आठवणींच्या धाग्यांत त्यांचा उल्लेख जवळजवळ कधीच नसतो.

त्यामुळे डिजिटल म्हटलं की सगळं वाईट, या सुरात मी सूर मिळवणार नाही.

---

रात्रपाळी

ठसे, उत्तम प्रतिसाद. रागावण्याचा प्रश्नच नाही.

मूळ लेखाबद्दल एक मुद्दा. कंपनीचा ताबा हा काही डिजिटलनं आणलेला नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, कारण अटारी कंपनीच्या कन्सोलसाठी कुणीही उठून गेम काढत होतं आणि दुकानं भिकार गेमनी भरली होती. त्यावर निन्टेन्डोनं १९८५ मध्ये जो कन्सोल अमेरिकेत आणला त्यात कुलपाची चिप घातली. कॅसेटमधली चिप आणि कन्सोलमधली चिप एकमेकींशी जुळली तरच गेम सुरू राहायचा. कॅसेट निन्टेन्डोच बनवणार, पैसे आधी घेणार, आणि एका प्रकाशकाला वर्षाला पाचच गेम काढता येणार. तेव्हाही दार त्यांच्याच ताब्यात होतं.

---

दुसरा खेळाडू

@रात्रपाळी, दार त्यांच्या ताब्यात होतं हे खरं. पण ते दार गेम बनवणाऱ्यांसाठी होतं. कॅसेट एकदा दुकानातून बाहेर पडली की ती माझी. मी ती कुणाला दिली हे निन्टेन्डोला कळायचंही नाही. आता कुलूप माझ्या घरात आलंय, फरक हा आहे.

२०१३ चा जून आठवा. मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं होतं की एक्सबॉक्स वन दर चोवीस तासांतून एकदा इंटरनेटला जोडावाच लागेल आणि वापरलेले गेम देण्या-विकण्यावर अटी येतील. सोनीनं त्याच सुमारास काही सेकंदांचा व्हिडिओ टाकला. प्लेस्टेशनवर गेम मित्राला कसा द्यायचा? एकानं डबी पुढे केली, दुसऱ्यानं घेतली, संपलं. थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टला ते धोरण मागे घ्यावं लागलं. आता त्याच सोनीचं सगळ्यात महाग यंत्र ड्राइव्हशिवाय येतं आणि कुणी फारसं बोलत नाही. मला अस्वस्थ करतं ते हे.

@बोटांचे ठसे, तुमचा मुद्दा मी माझ्या मागणीत धरतो. डिजिटल हवंच. पण डिजिटल गेमही देता, विकता, वारशानं ठेवता यायला काय हरकत आहे? तंत्राची अडचण नाही, इच्छेची आहे. निन्टेन्डोनं २०२५ मध्ये व्हर्च्युअल गेम कार्ड आणलं. कुटुंबाच्या गटातल्या माणसाला डिजिटल गेम दोन आठवडे उसना देता येतो. अटी बऱ्याच आहेत, मित्राला देता येत नाही, पण होऊ शकतं एवढं तरी त्यातून दिसलं.

---

शेवटची लेव्हल

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट खटकतेय ती लिहिते.

एका खोलीत बसून खेळणं, कॅसेटची देवघेव, हे वर्णन वाचायला छान आहे. पण त्या खोलीत मुली किती होत्या? मी होते, भावाच्या मागे बसून बघणारी. दुसरा कंट्रोलर हातात यायचा तो भावाचे मित्र आले नसतील तेव्हा. आणि कॅसेट उसनी आणायला मी कुणाकडे जाणार होते? ती साखळी मुलांची होती. निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या जपानी कन्सोलच्या दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्टचं बटणच नव्हतं, हे मला बरंच नंतर कळलं. पहिल्यानं सुरू केलं तरच दुसऱ्यानं खेळायचं. माझ्या लहानपणाचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या यंत्रात सापडणार नाही.

माझा स्वतःचा पहिला गेम मी डाउनलोड करून घेतला. दुकानदारानं कुणासाठी हवाय विचारलं नाही, कुणाकडे मागावा लागला नाही. म्हणून मला त्या डाउनलोडबद्दल आपुलकी आहे.

ऑनलाइन खेळताना मात्र मी माइक बंद ठेवते. एक्सबॉक्स लाइव्ह २००२ मध्ये हेडसेटसकट आलं तेव्हा अनोळखी माणसांशी बोलत खेळायची केवढी अपूर्वाई होती. आज माझा आवाज ऐकला की पहिल्या मिनिटात काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी चांगली खेळते. संघात मी असले की आम्ही बऱ्याचदा जिंकतो. तरी ‘डावीकडून दोघं येताहेत’ हे सांगायला मी तोंड उघडत नाही, पडद्यावर खूण टाकते. संस्कृतीबद्दल बोलायचं तर याबद्दलही बोलूया.

---

मूकवाचक

शेवटची लेव्हल यांच्या प्रत्येक वाक्याला +१. मीही माइक बंदवालीच.

---

रात्रपाळी

+१. आपल्या संघातला कुणी असं बोलला की बाकीचे गप्प बसतात, मुख्य दोष तिथेच आहे. म्यूट करून पुढे जाणं सोपं असतं. तक्रारीचं बटण तीन मेनू खाली असतं, तेही दाबायला हवं, आणि त्याआधी तोंडानं ‘बस कर’ म्हणायला हवं. खोलीत बसलेल्या मित्राला आपण म्हटलंच असतं.

---

पिक्सेलकामगार

मी गेम बनवणाऱ्या छोट्या चमूत काम करतो. वापरलेल्या डिस्कच्या विक्रीतून बनवणाऱ्याला काहीच मिळत नाही, हे कुणीतरी लिहायला हवं होतं. पण त्यापेक्षा महत्त्वाचं असं की आमच्यासारख्यांचे गेम डिस्कच्या जमान्यात निघालेच नसते. कॅसेट छापायची तर हजारोंच्या संख्येनं, पैसे आगाऊ, आणि विकल्या नाहीत तर गोदामात. डाउनलोडमुळे चार-पाच जणांचा चमू जगभर गेम पोचवू शकतो. १९७९ मध्ये अटारीतले काही प्रोग्रॅमर श्रेय मिळत नाही म्हणून बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. तेव्हापासून कन्सोलसाठी बाहेरच्या लोकांनी गेम बनवायची परंपरा आहे. डाउनलोडनं ती आमच्यापर्यंत आणली.

स्विच २ च्या किल्लीवाल्या कार्डांबद्दलही एक. कार्डातली मेमरी महाग असते आणि गेमचा आकार वाढत चाललाय. प्रकाशक ती बचत करतात. मला ते आवडत नाही, पण कारण द्वेषाचं नाही, हिशोबाचं आहे.

आणि तरीही मूळ लेखकाच्या बाजूनं बोलतो. आम्ही बनवलेली गोष्ट दुकान बंद झालं म्हणून नाहीशी व्हावी असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नाही. २७ मार्च २०२३ ला निन्टेन्डोनं थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलच्या ई-शॉपवर, म्हणजे ऑनलाइन दुकानात, खरेदी बंद केली. तिथे कितीतरी गेम असे होते की जे दुसरीकडे कधी आलेच नाहीत. ज्यांनी आधी घेतले त्यांच्याकडे आहेत, बाकीच्यांना पैसे देऊनही ते रीतसर मिळण्याचा मार्ग नाही. वर्षं घालवून बनवलेल्या गोष्टीचं असं होणं फार जिव्हारी लागतं.

---

दुसरा खेळाडू

पिक्सेलकामगार, बनवणाऱ्याच्या तोंडून हे ऐकायला मिळालं, बरं वाटलं.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात नव्यानं विकत मिळत नाहीत. हे बहुतांशी कॅसेट आणि डिस्कच्या काळातले गेम आहेत. म्हणजे ज्यांचं निदान काहीतरी कुणाच्या तरी माळ्यावर सापडू शकतं त्यांची ही गत. जे फक्त सर्व्हरवर आहेत त्यांचं काय?

युबिसॉफ्ट कंपनीच्या द क्रू या गेमचं उदाहरण ताजं आहे. २०१४ चा गेम, गाड्यांच्या शर्यतींचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि डिस्कवाल्यांचाही गेम संपला, कारण एकट्यानं खेळायचं तरी सर्व्हर लागायचा. सोल्डरगन म्हणाले तेच. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि २०२५ मध्ये युरोपीय संघातल्या तिच्या नागरिक-याचिकेवर दहा लाखांवर सह्या झाल्या. मागणी फार मोठी नाही: सेवा बंद करताना गेम चालू राहील अशा अवस्थेत सोडा. कॅलिफोर्नियात २०२५ पासून कायदा लागू झालाय की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला परवानाच मिळतोय हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तिथे ‘विकत घ्या’ असं बटणावर मोघम लिहून चालत नाही. मला हा कायदा अपुरा वाटतो. परवाना आहे हे कळून मी काय करणार? तो मला पुढे देता आला पाहिजे.

@शेवटची लेव्हल, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी ज्या साखळीबद्दल लिहिलं त्यात कोण नव्हतं हे तुम्ही दाखवलंत आणि ते धाग्यात यायलाच हवं होतं. त्यामुळे माझी मागणी आणखी घट्ट होते. देता-घेता येण्याचा हक्क गेमसोबतच यायला हवा, ओळखीपाळखीवर तो अवलंबून नको.

---

शेवटची लेव्हल

हे पटलं. माझ्या भाचीला मी माझ्या खात्यातले गेम देऊ शकले असते तर आनंदानं दिले असते. सध्या तिला माझं खातंच वापरायला देते. मग तिच्या ट्रॉफ्या माझ्या नावावर जमा होतात आणि ती चिडते. तिची चिडचिड रास्त आहे, तो शेवटचा राक्षस तिनं मारलाय.

---

बोटांचे ठसे

देता येण्याच्या हक्काला माझाही पाठिंबा. एकच विनंती, मागणी लिहाल तेव्हा ‘डिस्क परत आणा’ एवढंच लिहू नका. जुना गेम चालू राहिला तर त्यात नवा कंट्रोलर चालेल का, बटणं बदलता येतील का, हेही धरा. माझ्यासाठी बटणं बदलता न येणारा गेम बंद पडलेल्या गेमसारखाच असतो.

---

मूकवाचक

थोडं विषयांतर. सोल्डरगन, तुम्ही सेलबद्दल लिहिलंत ते वाचून मी कपाटातली जुनी गेम बॉयची कॅसेट काढली. पहिल्या फटक्यात सुरू झाली नाही, फुंकर मारून पुन्हा घातल्यावर झाली. सेव्ह अजून आहे! माझ्या आणि बहिणीच्या दोघींच्या नावाचा. तो न घालवता सेल बदलता येतो का?

---

सोल्डरगन

येतो, पण आधी दोन गोष्टी. फुंकर मारणं बंद करा. तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात, खुद्द निन्टेन्डो तसं करू नका म्हणायचं. पुन्हा घातल्यावर चालली ती कॅसेट नव्यानं बसली म्हणून. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पिना पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

सेल काढण्याआधी सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. यूएसबीला लावायचे कार्ट्रिज रीडर मिळतात, त्यात कॅसेट खोचली की सेव्हची छोटी फाइल निघते. ती दोन ठिकाणी ठेवा. मग सेल बदला, आणि त्याच रीडरनं फाइल परत कॅसेटमध्ये लिहा. पट्ट्या आधीच जोडलेला सेल घ्या. साध्या सेलवर थेट डाग देऊ नका, तो गरम होऊन फुटू शकतो. चिकटपट्टीनं दाबून बसवायचा जुगाडही करू नका, कॅसेट हलली की संपर्क तुटतो आणि सेव्ह जातो. जुन्या सेलची धन बाजू कुठल्या दिशेला आहे याचा फोटो काढून ठेवा.

रीडर नसेल तर कॅसेट अजिबात उघडू नका. गेम कोणता आहे ते इथे लिहा, काही गेममध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं आणि मग सेलचा आकार वेगळा असतो. ते कळलं की कुठला सेल लागेल ते सांगतो.